शेतीच्या खेळातलं सामान, १६×१६ मध्ये: आयकॉनची शैली ठरवतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आपल्या व्हिडिओ खेळात शेत, मंडई आणि स्वयंपाकघर अशा तीन जागा. सामानाच्या यादीत सध्या ९६ वस्तू: भाजी आणि धान्य, अवजारं, भांडी, शिजलेले पदार्थ. प्रत्येक वस्तूचं एक छोटं चित्र, म्हणजे आयकॉन, काढायचं. काढणारे हात एकाहून जास्त असणार आणि काम काही महिने चालणार. म्हणून शंभरावा आयकॉन पहिल्याशेजारी ठेवला तरी एकाच घरचा वाटेल असे नियम आधी पक्के करायचे आहेत, आणि प्रत्येक नियमापुढे त्याचं कारणही लिहायचं आहे. कारण लिहिलेलं नसेल तर नवा माणूस नियम मोडतो, आणि मोडला हे त्याला कळतही नाही.

सुरुवात टोमॅटोपासून करायची नाही. गोल, लाल, वर हिरवा देठ: टोमॅटो कुठल्याही शैलीत चांगला दिसतो, त्यामुळे शैलीबद्दल काहीच सांगत नाही. चाचणीसाठी तीन अवघड वस्तू घेतल्या. कोथिंबिरीची जुडी (बारीक पोत), विळी (पातळ पातं, आडवा पाट, टोकाला खवणी) आणि तांब्या (गोलाई, धातूची चमक, वरून दिसणारं तोंड). कुठलाही निर्णय या तिघांवर एकदम लागू करून बघायचा. दोघांना चालला आणि तिसऱ्याला नाही, तर तो निर्णय बाद.

६ ऑगस्ट

आकार ठरला: १६×१६ पिक्सेल.

खेळाचा मूळ पडदा ३२०×१८०. तो १२८०×७२० वर चौपट, १९२०×१०८० वर सहापट, २५६०×१४४० वर आठपट असा पूर्णांकात वाढतो. १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर चौपटच ठेवायचं. डावी-उजवीकडे ४३ आणि वर-खाली २४ पिक्सेलची पट्टी राहील, ती राहू द्यायची. पडदा भरण्यासाठी ४.२७ पट ताणला तर काही पिक्सेल ४ रुंद होतात, काही ५, आणि एक पिक्सेलची आउटलाइन एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. मग आयकॉन कितीही काळजीने काढलेला असो, फुकट. २४००×१०८० च्या फोनवर सहापट धरून आडवा पडदा ४०० पर्यंत वाढवायचा, उंची १८० च.

२४×२४ चाही विचार झाला. तपशील जास्त मावतो, पण सामान दाखवणाऱ्या आठ खणांची रांग चार पिक्सेलच्या मोकळ्या जागेसह २२४ पिक्सेल खाते आणि माहितीच्या मजकुराला ९६ उरतात. मजकूर मराठी आहे. वर रफार-अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, त्यामुळे आपल्या फॉन्टची ओळ १६ पिक्सेल उंच आहे आणि ९६ मध्ये 'कोथिंबिरीची जुडी' एका ओळीत बसत नाही. १६ चा आयकॉन २० च्या खणात बसतो, आठ खण १६० मध्ये होतात, आणि पाककृतीच्या ओळीत तोच आयकॉन मजकुराशेजारी त्याच उंचीने उभा राहतो. हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

मोठा आयकॉन हवा असेल तिथे (दुकानदाराचा फलक वगैरे) ३२×३२ नव्याने काढायचा. १६ चा दुप्पट करून मूळ ३२ च्या चित्राशेजारी ठेवायचा नाही. एकाच पडद्यावर दोन मापांचे पिक्सेल आले की डोळ्याला ते लगेच खटकतं.

७ ऑगस्ट

कॅनव्हासच्या आत चित्र किती जागा घेणार, हे ठरवलं.

चारही बाजूंना एक पिक्सेलची कड रिकामी. आउटलाइन धरून चित्र १४×१४ च्या आत. कारण सौंदर्याचं नाही: वस्तू निवडली की शेडर (पडद्यावरचे रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) तिच्याभोवती एक पिक्सेलची पिवळी रेघ काढतो, आणि चित्र कडेला टेकलं असेल तर ती रेघ त्या बाजूला कापली जाते.

साचे पाच. गोल १२×१२, चौकोनी १२×१०, उभा १०×१४, आडवा १४×१०, तिरपा १४×१४. गोलाच्या ओळी वरून खाली अशा: ४, ८, १०, १०, १२, १२, १२, १२, १०, १०, ८, ४. भरलेले पिक्सेल ११२. चौकोनी साचा १२×१२ केला तर १४४ होतात आणि गुळाची ढेप कांद्यापेक्षा जड दिसते. १२×१० ला १२० होतात, तोल जमतो. उभे-आडवे साचे म्हणजे बाहेरची चौकट, ती पूर्ण भरायची नाही. एकूण लक्ष्य: भाजी, भांडी, पदार्थ यांना ९० ते १२५ भरलेले पिक्सेल. अवजारं ५० ते ७० वर थांबतात, पण ती कर्णावर लांबलचक असल्याने नजरेत बरोबरीने भरतात.

१६ ला मधला रकाना नाही. विषम रुंदीची वस्तू अर्ध्या पिक्सेलने सरकलेलीच राहणार. भांड्यांची रुंदी म्हणून नेहमी सम. भाजीचा देठ दोन पिक्सेल रुंद, किंवा एक पिक्सेलचा असेल तर सरळ उजवीकडे कललेला. अर्धवट मध्यावर ठेवलेला एकेरी देठ चुकून तिथे पडल्यासारखा दिसतो.

९ ऑगस्ट

आउटलाइन. तीन पर्याय, तीन पार्श्वभूमी: खणाचा फिकट बदामी, संवादचौकटीचा गडद निळा, शेतातली तपकिरी माती.

आउटलाइनच नको, हा पर्याय मातीवर पडला. बटाटा मातीत विरघळून जातो. दुसरा पर्याय: उजेडाच्या बाजूची आउटलाइन वस्तूच्या रंगाची, सावलीच्या बाजूची गडद. ही पद्धत सुंदर दिसते, पण मागे कुठला रंग येणार हे माहीत असेल तरच. आपल्याकडे तीन पार्श्वभूमी आहेत, आणि बदामी खणावर लसणाची डावी बाजू नाहीशी होते. तिसरा पर्याय, सगळीकडून बंद एक पिक्सेलची गडद आउटलाइन, गडद निळ्यावर स्वतः दिसत नाही, पण आतला रंग पुरेसा उजळ असेल तर आकार वाचता येतो. तोच घेतला.

त्यासोबत आलेले उपनियम: आउटलाइन काळी नाही, गडद जांभळट (ह्यू म्हणजे रंगचक्रावरची जागा २६०, सॅच्युरेशन म्हणजे भडकपणा ४५, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा १६). शुद्ध काळ्याने छोटे आयकॉन कापून चिकटवल्यासारखे दिसतात. प्रत्येक वस्तूचा मधला रंग व्हॅल्यू ४५ च्या वर. आतल्या रेषा (कांद्याच्या सालीवरच्या, वांग्याच्या देठाखालच्या) त्या त्या रंगाच्या सर्वांत गडद छटेत. आउटलाइनचा रंग आत वापरायचा तो फक्त दोन वेगळ्या वस्तू एकमेकींवर आल्या तर. वळणावर आउटलाइनचे पिक्सेल कोपऱ्याला कोपरा टेकवून जोडायचे, काटकोनातला जादा पिक्सेल काढून टाकायचा. ॲसेप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या प्रोग्राममध्ये पेन्सिलचा 'पिक्सेल परफेक्ट' पर्याय चालू ठेवला की तो पडतच नाही.

वक्र रेषेत पायऱ्यांची लांबी क्रमाने वाढावी किंवा कमी व्हावी: १, १, २, ३, ४. मध्येच ३, १, २ आलं की तिथे गाठ दिसते. विळ्याच्या पात्याला हा नियम पहिला लावला, फरक लगेच कळतो.

१२ ऑगस्ट

पॅलेट.

तयार पॅलेट (रंगांचे ठरलेले संच) आधी तपासले. डॉनब्रिंगर या पिक्सेल-चित्रकाराचा १६ रंगांचा पॅलेट आटोपशीर आहे, पण त्यात जांभळ्याच्या जवळ जाणारा एकच गडद तांबूस रंग आहे. वांगं, लाल कांदा, जांभूळ आणि कोकम ज्या यादीत आहेत तिथे तो पुरत नाही. म्हणून स्वतःचा पॅलेट, २४ रंगांचा: आउटलाइन १, जवळपास पांढरा १, हिरवे ४, तपकिरी ४, जांभळे ३, लाल ३, पिवळे-नारिंगी ३, करडे ३, बदामी २.

प्रत्येक रांगेत उजळाकडून गडदाकडे जाताना ह्यूसुद्धा सरकतो. हिरवा: ह्यू ७५ व्हॅल्यू ८६, १०५ आणि ६४, १५० आणि ४२, १९५ आणि २८. म्हणजे उजेडात पिवळट, सावलीत निळसर. एकाच ह्यूमध्ये फक्त काळा मिसळत गेलं तर पालेभाजी शिळी दिसते. जांभळा: ३१५ आणि ७८, २९० आणि ५०, २६५ आणि ३०. वांग्याचा मधला रंग पहिल्या मसुद्यात व्हॅल्यू ३६ होता, गडद निळ्यावर नुसती चमक तरंगायची. ५० वर आणल्यावर ठीक.

वेगळ्या धातूसाठी वेगळी रांग ठेवलेली नाही. तांबं म्हणजे गडद लाल, तपकिरी, नारिंगी आणि वर पांढरा. पितळ म्हणजे तपकिरी, पिवळ्याच्या दोन छटा, पांढरा. स्टील म्हणजे करडे तीन आणि पांढरा. रांगा एकमेकींतून रंग उसने घेतात तेव्हाच सगळी यादी एकत्र बांधलेली वाटते. लाल कांद्याला जांभळ्याच्या वरच्या दोन छटा आणि सावलीला लालातली गडद.

एका आयकॉनमध्ये आउटलाइन धरून जास्तीत जास्त ८ रंग. नववा लागतोय असं वाटलं तर बहुधा आकार फसलेला असतो आणि रंगाने तो झाकायचा प्रयत्न चाललेला असतो.

तांत्रिक सूचना. फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये (प्रत्येक पिक्सेलला रंगाऐवजी पॅलेटमधला क्रमांक) ठेवायची आणि शून्य क्रमांकाची जागा वापरायची नाही. ॲसेप्राइट त्या मोडमध्ये मूळ सेटिंगनुसार शून्यालाच पारदर्शक धरतो. आउटलाइनचा रंग तिथे ठेवला तर सगळी आउटलाइन गायब. शून्यावर भडक गुलाबी ठेवलाय, तो चित्रात कुठे वापरायचा नाही. पॅलेटची क्रमवारी परस्पर बदलू नये. दुसऱ्या क्रमाचा पॅलेट चढवला की क्रमांक तेच राहतात आणि रंग अदलाबदल होतात.

१५ ऑगस्ट

उजेड वरून डावीकडून, ४५ अंशात, सगळ्यांना. वस्तूची जमिनीवर पडणारी सावली आयकॉनमध्ये काढायची नाही, ती खण देतो.

नवख्या हाताकडून दोन चुका हमखास येतात. पहिली: आउटलाइनच्या आत चहूबाजूंनी गडद पट्टा आणि मधोमध उजळ ठिपका. वस्तू उशीसारखी फुगते आणि उजेडाची दिशा हरवते. गोल वस्तूत उजळ भाग केंद्रापासून दोन-तीन पिक्सेल वर-डावीकडे आणि सावलीची कोर फक्त खाली-उजवीकडे, एवढं पाळलं तरी पुरतं. दुसरी चूक: दोन छटांच्या कडा एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपतात. शेजारच्या दोन पायऱ्या मिळून एक जाड पायरी दिसते आणि १६ चा आयकॉन ८ चा वाटायला लागतो. सावलीच्या कडेची सुरुवात आउटलाइनच्या पायरीपेक्षा एक पिक्सेल मागे-पुढे सरकवायची.

पदार्थ कशाचा बनलाय हे रंगापेक्षा छटांच्या उड्या सांगतात. धातूत सर्वांत उजळ छटेला लागूनच गडद छटा येते, मधली नावापुरती. मातीच्या माठात मधली छटा सगळ्यात जास्त आणि पांढरी चमक नाही. वांग्याला आणि मिरचीला दोन-तीन पिक्सेलची चमक. बटाटा, आलं, गोणपाट यांना शून्य. हा नियम लावल्यावर तांब्याचा तांब्या आणि मातीचं मडकं एकाच तपकिरी-लाल रंगात असूनही कोणाची गल्लत होत नाही.

भांड्याचं तोंड तीन ओळींचं: मागची कड उजळ, मध्ये आतला अंधार, पुढची कड मधल्या छटेत. तोंड चार ओळींचं केलं तर भांडं पुढे वाकल्यासारखं दिसतं, एकच ओळ ठेवली तर झाकण असल्यासारखं. तांब्या, कळशी, हंडा, पातेलं यांना हे एकच माप.

ठिपक्यांची जाळी करून दोन रंग मिसळायची पद्धत या आकारात बंद. ३२ च्या चित्रात ती कधीमधी शोभते, १६ मध्ये नुसता खरखरीतपणा.

२० ऑगस्ट

पालेभाज्या. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागणार हे माहीत होतं.

कोथिंबीर, मेथी, पालक, कांद्याची पात: चौघी हिरव्या, चौघी जुड्या, आणि मंडईत शेजारीशेजारी. एकेक पान काढायला गेलं की सुटे पिक्सेल पसरतात, पहिल्या मसुद्यात कोथिंबीर हिरव्या धुळीसारखी दिसत होती. उपाय: आधी फक्त छायाकृती, म्हणजे एका गडद रंगात भरलेला आकार. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी काढलेले ३२×३२ चे आयकॉन निव्वळ काळे-पांढरे होते. रंगाचा आधारच नसल्यामुळे आकारालाच बोलावं लागे. तीच कसोटी इथे लावली. चारही जुड्या एका रंगात भरून ओळीने ठेवायच्या आणि न सांगता ओळखता आल्या पाहिजेत.

त्यातून ठरलेलं. कोथिंबीर: पसरट पंखा, वरची कड दातेरी, दाते दोन पिक्सेल रुंद आणि एक-दोन खोल, आत २×२ चे चार-पाच उजळ पुंजके, खाली तीन देठ एकेक पिक्सेलचे, मध्ये बांधलेला दोरा बदामी रंगाचा. मेथी: घुमट, कड गुळगुळीत पण तीन उंचवट्यांची, पुंजके तीन-तीनच्या गटात कारण मेथीचं पान तीन पानांचं असतं. पालक: तीन मोठी टोकदार पानं, मधल्या शिरेला एक पिक्सेलची उजळ रेघ, बुडाशी गुलाबी मुळांचे दोन पिक्सेल. पात: सरळ उभ्या पाच काड्या, एक वाकलेली, खाली पांढरे छोटे कांदे. पात तिरप्या साच्यात नेल्यावर बाकी तिघींपासून आणखी दूर गेली.

इथूनच सुट्या पिक्सेलचा नियम निघाला: आठही शेजाऱ्यांत आपल्या रंगाचा सोबती नसलेला पिक्सेल एका आयकॉनमध्ये जास्तीत जास्त दोन. चमक किंवा बटाट्याचा डोळा यांसाठी तेवढे पुरतात.

लाल आणि हिरवी मिरची फक्त रंगाने वेगळी ठेवायची नाही. लाल-हिरव्यात फरक न दिसणारे खेळाडू असतात, आणि करड्या रंगात बदलून पाहिलं तर दोन्ही मिरच्या अक्षरशः एक झाल्या. हिरवी सरळ, तजेलदार, चमक असलेली. लाल ही सुकलेली, टोकाला वळलेली, अंगावर दोन सुरकुत्या, चमक नाही. मंडईतही लाल बहुतेक वाळलेलीच विकली जाते, तेव्हा हे बरोबरच आहे.

२३ ऑगस्ट

अवजारं. मूठ खाली डावीकडे, पातं वर उजवीकडे, नेहमी. दांडा कर्णावर, एक ओळ आउटलाइन, एक उजळ लाकूड, एक गडद लाकूड, एक ओळ आउटलाइन. उजेड वर-डावीकडून असल्याने उजळ ओळ दांड्याच्या वरच्या अंगाला येते.

कुदळ आणि टिकाव यांच्यात गोंधळ होतो. कुदळीचं तोंड दोन्हीकडे निमुळतं. टिकावाचं एक टोक अणकुचीदार आणि दुसरं चपटं, तीन पिक्सेल रुंद. खुरपं लहानच दिसलं पाहिजे: दांडा फक्त पाच पिक्सेल, आणि साचा १०×१० पर्यंत खाली आणलेला. सगळी अवजारं १४ पर्यंत ताणली तर खुरपं फावड्याएवढं होतं.

विळा तिरपा, विळी आडव्या साच्यात. पाटाच्या जाडीला आउटलाइनशिवाय दोन ओळी, पातं पाटाच्या डाव्या टोकाकडून उभं राहून उजवीकडे वळतं, टोकाला खवणीचे तीन दाते एक पिक्सेल सोडून एक. दाते जोडून काढले तर फूल दिसतं.

२७ ऑगस्ट

निर्यात आणि तपासणी.

गोडो ४ या खेळ बनवायच्या इंजिनात प्रकल्पाच्या सेटिंगमधला टेक्स्चर फिल्टर (चित्र वाढवताना शेजारचे पिक्सेल मिसळायचे की नाही, ते ठरवणारा) 'निअरेस्ट'. मूळचा 'लिनिअर' ठेवला की सगळं धूसर. युनिटी या दुसऱ्या इंजिनात हेच काम करायचं तर फिल्टर मोड 'पॉइंट', कॉम्प्रेशन 'नन', पिक्सेल्स पर युनिट १६. सगळे आयकॉन एका शीटवर (एकाच मोठ्या चित्रात) जातात तेव्हा 'ट्रिम' बंद ठेवायचं. रिकामी कड कापली गेली तर प्रत्येकाचा मध्य बदलतो आणि खणात वस्तू वर-खाली उड्या मारतात. 'एक्स्ट्रूड' (प्रत्येक चित्राची कड बाहेर एक पिक्सेल वाढवणं) चालू, नाहीतर कॅमेरा अपूर्णांकात सरकला की शेजारच्या आयकॉनची रेघ कडेला डोकावते. खणातले आयकॉन मात्र अपूर्णांकातल्या जागी ठेवायचेच नाहीत, जागा पूर्णांकात गोळा करून घ्यायची.

पायथन भाषेतल्या पिलो या चित्रांसाठीच्या लायब्ररीवर छोटी तपासणी लिहिली. ती बघते: माप १६×१६, पारदर्शकता ० किंवा २५५ च, मधली नाही, प्रत्येक रंग पॅलेटमधला, रंग आठपेक्षा जास्त नाहीत, बाहेरची कड रिकामी, भरलेले पिक्सेल मर्यादेत, सुटे पिक्सेल दोनपर्यंत. अर्धपारदर्शक पिक्सेल बहुतेक वेळा निवड फिरवताना किंवा मऊ ब्रशने शिरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि निवडीची पिवळी रेघ त्यांच्याभोवतीही फिरते. पॅलेटबाहेरचा रंग एक-दोन अंकांनीच वेगळा असेल तर फाइल दुसऱ्या प्रोग्राममधून कलर प्रोफाइल बदलून आलेली असते. हाताने रंग दुरुस्त न करता मूळ फाइलमधून पुन्हा निर्यात करायची.

फाइलची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत. 'पाट' आणि 'पात' तिथे एकच होतात, 'वाटी' आणि 'वाती' सुद्धा. म्हणून नावाआधी गट: भाजी, अवजार, भांडं, पदार्थ, इतर.

३० ऑगस्ट

चित्र एकमेकांना दाखवताना आठपट वाढवून पीएनजी पाठवायचं, आणि व्हॉट्सॲपवर असेल तर दस्तऐवज म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की दाबलं जातं, कडांना डाग येतात आणि मग नसलेल्या रंगांवर चर्चा होते. आठपटीसोबत मूळ आकाराचंही चित्र, तिन्ही पार्श्वभूमींवर, आणि दोन्ही बाजूंना आधी मंजूर झालेला एकेक आयकॉन. एकटा आयकॉन तपासायचा नाही. ८०० टक्क्यांवर केलेल्या अर्ध्या दुरुस्त्या मूळ आकारात दिसतच नाहीत, म्हणून शेरा आधी मूळ आकारावर, मग मोठ्यावर.

२ सप्टेंबर

भाकरी अजून अडलेली आहे. गोल साच्यात एकटी काढली तर नाणं दिसते. दोन भाकऱ्यांची चवड, वरची दोन पिक्सेल उजवीकडे सरकलेली, मध्ये आउटलाइनच्या रंगाची रेघ, आणि २×१ चे तीन करपलेले डाग: हे ज्वारीला चालतं. बाजरीची करड्या-तपकिरीत नेली तर दगडी पाट्यासारखी दिसते. पुढचा प्रयोग: चवडीवर लोण्याचा गोळा, ३×२, जवळपास पांढऱ्या आणि फिकट पिवळ्यात. ज्वारीवर काहीच ठेवायचं नाही, म्हणजे दोघी करड्या रंगातही वेगळ्या राहतील. तो जमला की पदार्थांचा गट सुरू करता येईल. पिठलं, ठेचा आणि वरण यांना एकच वाटी, तोंडाचं माप तांब्याचंच, फक्त अंधाराच्या ओळीत पदार्थाचा रंग.